फौजीचं दिवाळं निघालं तर पेन्शन कुणाची?

एखाद्या रिटायर्ड फौजीनं कर्ज काढलं, धंदा बुडाला, हप्ते थकले, प्रकरण नादारीपर्यंत, म्हणजे कोर्टात दिवाळखोर ठरण्यापर्यंत गेलं, तर त्याची पेन्शन देणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांनी त्याला कर्ज दिलं त्यांना द्यायची का? हा प्रश्न कुठेही काढा, लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो सीमेवर आयुष्य घालवलेल्या माणसाच्या पेन्शनला हात लावायची हिंमत कशी होते, दुसरा म्हणतो कर्ज घेताना गोड लागलं ना, मग आता फेडा, फौजी असाल तर असाल. मला पहिल्या तटाचा निष्कर्ष पटतो पण कारण अजिबात पटत नाही, आणि कारण कच्चं असलं की कोणी जरा नेटानं उलटतपासणी केली की निष्कर्षही हातचा जातो, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी आपल्याकडे कायदा काय म्हणतो ते बघू, कारण यावर भांडणाऱ्या बहुतेकांना वाटतं की हा प्रश्न अजून सुटायचाय. तो १८७१ सालीच सुटलाय. त्या वर्षीचा पेन्शन कायदा आजही चालू आहे आणि त्याचं कलम ११ सांगतं की सरकारनं नोकरीबद्दल दिलेली पेन्शन कुठल्याही देणेकऱ्याच्या मागणीवरून कोर्टाला जप्त करता येणार नाही. कलम १२ त्याच्याही पुढे जातं, पुढच्या महिन्यांची पेन्शन आजच कुणाला लिहून दिली, विकली, गहाण टाकली तर तो व्यवहारच रद्दबातल. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० पण तेच म्हणतं. आणि नादारीचे जे जुने कायदे आहेत, मुंबई, कोलकाता, चेन्नईसाठी १९०९ चा आणि बाकी ठिकाणी १९२० चा, त्यातल्या १९२० च्या कायद्यात स्पष्ट आहे की ज्या वस्तूवर जप्ती येत नाही ती नादाराच्या मालमत्तेतही धरायची नाही. म्हणजे माणूस कोर्टात नादार ठरला, त्याचं सगळं कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरकडे गेलं, तरी पेन्शन बाहेरच.

गंमत अशी की १८७१ चा कायदा काही फौजींच्या प्रेमापोटी आलेला नाही. त्याच कायद्याचं कलम ४ वाचा, पेन्शनबद्दल दिवाणी कोर्टात दावाच लावायचा नाही असं त्यात आहे. म्हणजे सावकारापासून संरक्षण दिलं पण सरकारविरुद्ध जायचं दार लावून घेतलं. कारण सरकारच्या डोक्यात पेन्शन ही मेहेरबानी होती, द्यायची तर देऊ, बंद करायची तर करू. आपल्याला हे नवीन नाही, दुसऱ्या बाजीरावाला ब्रह्मावर्तात वर्षाला आठ लाखांची पेन्शन होती, १८५१ मध्ये तो वारला आणि कंपनीनं नानासाहेबांना ती द्यायला सरळ नकार दिला, पुढे काय झालं ते शाळेत सगळे शिकलोय. ही मेहेरबानीची भाषा खऱ्या अर्थानं मोडली ती रिटायर्ड सरकारी नोकरांच्या पेन्शनबद्दलच्या १९८२ च्या नकारा खटल्यात, तिथं सुप्रीम कोर्टानं ठामपणे सांगितलं की पेन्शन म्हणजे बक्षीस नव्हे, ती आधी केलेल्या नोकरीचा मोबदला आहे.

आणि इथंच दुसऱ्या तटाला एक चांगला मुद्दा सापडतो बघा. पेन्शन दान नसून कमाई असेल, तर मग ती मालमत्ताच झाली की. आणि मालमत्ता असेल तर बाकीच्या मालमत्तेसारखी कर्जाला का लागू नये? दुकानदाराचं दुकान जातं, शेअरवाल्याचे शेअर जातात, मग फौजीची कमाई तेवढी सोवळ्यात का? या प्रश्नाला "देशासाठी लढला" हे उत्तर होऊच शकत नाही. कारण तसं असेल तर क्लार्कची, शिक्षकाची, पोस्टमनची पेन्शन जप्त करायला हरकत नसावी, ते कुठे लढले? पण कायद्यात त्यांचीही तितकीच सुरक्षित आहे. शिवाय आयुष्यभर डेपोत हिशेब लिहिणारा सुभेदार आणि सियाचेनला बोटं गमावलेला शिपाई यांची पेन्शन मग वेगळी मोजायची का? शौर्यावर पैसे मोजायला बसलात की संपलं.

खरं उत्तर कलम ६० च्या यादीतच आहे, फक्त ती यादी कोणी सलग वाचत नाही. काय काय जप्त करायचं नाही ते एकामागून एक दिलंय. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजानं बाईला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र वगैरे. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, बैल, बी-बियाणं. शेतकऱ्याचं राहतं घर. आणि याच ओळीत पुढे पेन्शन. यात शौर्याचा कुठेही संबंध नाही, यादी एकच गोष्ट बघते की हे काढून घेतलं तर माणूस उद्या उभा राहील का. बैल नेला तर शेतकरी कर्ज तर फेडणार नाहीच, वर खायलाही दुसऱ्याच्या दारात जाणार. पेन्शनरची पेन्शन म्हणजे त्याची बैलजोडी आहे, एवढं साधं आहे ते. फक्त एक फरक आहे, बैल म्हातारा झाला तर शेतकरी दुसरा घेईल, म्हातारा पेन्शनर दुसरी नोकरी करून दुसरी पेन्शन कमवू शकत नाही.

आता कोणी म्हणेल फौजी काही म्हातारा होऊन रिटायर होत नाही. बरोबर आहे, आणि हा मुद्दा उलट माझ्या बाजूचा आहे. शिपायाला १५ वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन लागू होते, बरेच जण पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडतात, पोरं शाळेत असतात, आणि मग ते दुसरी नोकरी धरतात, बँकेत, सिक्युरिटीत, कारखान्यात. त्या दुसऱ्या नोकरीच्या पगारावर जप्ती येऊ शकते की! पगाराबद्दलचा नियम असा, पहिले १००० रुपये आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश सोडून बाकीवर कोर्ट हात टाकू शकतं. त्याचा प्लॉट आहे, गाडी आहे, शेअर आहेत, सोनं आहे, तेही मोकळंच आहे. म्हणजे "पेन्शन वाचवली की देणेकऱ्याच्या हाती धुपाटणं" हे चित्रच खोटं आहे, त्याच्या हातात बरंच असतं, फक्त दर महिन्याला आपोआप, न मागता, मरेपर्यंत येणारा सगळ्यात सोपा पैसा तेवढा नसतो. आणि वसुलीवाल्यांना नेमका तोच हवा असतो, कारण त्यासाठी काही शोधावं लागत नाही.

दुसरं म्हणजे कर्ज देणाऱ्याला हे सगळं आधीच माहीत असतं. दीडशे वर्षं जुना कायदा आहे, काल रात्री आणलेला नाही. बँक लोन देताना पेन्शन जप्त होणार नाही हे धरूनच व्याज लावते, जामीनदार मागते, तारण मागते. मग बुडाल्यावर "आम्हाला पेन्शन द्या" म्हणणं म्हणजे ज्या जोखमीचे पैसे आधीच व्याजात घेतले तीच जोखीम परत दुसऱ्याच्या गळ्यात घालणं झालं. असं संरक्षण दिलं की लोकांना कर्जच मिळणार नाही, ही ओरडही जुनीच आहे. १८७५ ला सुप्याला आणि आजूबाजूच्या गावांत सावकारांची कर्जखतं जाळली गेली, त्यानंतर १८७९ ला शेतकऱ्यांच्या बाजूनं कायदा आला, तेव्हाही हीच भीती घातली होती. आणि आज बघा, सरकारी बँकांच्या खास फौजी पेन्शनरांसाठी वेगळ्या लोन स्कीम आहेत. पेन्शन जप्त होत नाही म्हणून कोणी फौजीला दारातून हाकलून लावलंय असं काही दिसत नाही, उलट फोन करून करून लोन गळ्यात मारतात.

आणि एक गोष्ट बोलली जात नाही. पेन्शन देणेकऱ्याकडे गेली तर त्या माणसाच्या औषधपाण्याचं, घरातल्यांच्या पोटाचं कोण बघणार? शेवटी सरकारच, म्हणजे तुम्ही-आम्ही. म्हणजे टॅक्सच्या पैशातून पेन्शन द्यायची, ती सावकारानं न्यायची, आणि मग त्याच टॅक्समधून त्या घराला दुसऱ्या कुठल्या योजनेत परत पैसे द्यायचे. एकाच कर्जाची वसुली आपण सगळे करून देतोय आणि वर कोणाला कळतही नाही.

पण हे सगळं कागदावरचं झालं. खरी गळती कुठे आहे ते कोणी बोलत नाही, ती आहे बँक अकाउंटमध्ये. पेन्शन सरकारच्या हातात आहे तोवर ती अभेद्य आहे. १९८७ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, हवाई दलातल्या एका विंग कमांडरनं सरकारी घर वेळेत सोडलं नाही, सरकारनं दंडाचं भाडं त्याच्या कम्युटेशनच्या रकमेतून, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली एकदम मिळणाऱ्या पैशातून, कापून घेतलं. कोर्ट म्हणालं असं करता येणार नाही, कम्युटेशन झालं तरी हातात पडेपर्यंत ती पेन्शनच आहे, सरकार स्वतः देणेकरी असलं तरी कलम ११ त्यालाही लागू. मस्त निकाल आहे. पण "हातात पडेपर्यंत" हे शब्द बघा. हातात पडली, म्हणजे खात्यात जमा झाली, की पुढे काय? सुप्रीम कोर्टाच्याच १९७६ च्या एका निकालाचा सूर असा होता की संरक्षण पैसे प्रत्यक्ष मिळेपर्यंतचं. २००८ मध्ये दोन पावलं पुढे जाऊन कोर्टानं म्हटलं की निवृत्तीचे पैसे एफडीत टाकले तरी त्यांचं मूळ रूप बदलत नाही, कलम ६० चं संरक्षण राहतं. मला हा २००८ चा बरोबर वाटतो, कारण आज कोणाची पेन्शन हातात पडते? ती खात्यातच येते, आणि खातं त्याच बँकेत असतं जिचं लोन आहे.

हीच ती गोम आहे. देणेकरी आणि पेन्शन पोचवणारा एकच. कोर्टाला जे करायला बंदी ते बँकेचं कॉम्प्युटर रात्री बारा वाजता करून टाकतं, खात्यात रक्कम आली की हप्ता वळता, थकबाकी असेल तर आणखी जास्त, कधी कधी सकाळी माणूस एटीएमवर जातो तर शिल्लक शंभर-दोनशे. जप्ती नाही, कोर्ट नाही, नोटीस नाही, कारण त्यानं लोन घेताना एका कागदावर सही केलीय. आता कलम १२ वाचा परत, पुढची पेन्शन आज लिहून देणं रद्दबातल. मग ती सही काय आहे? बँकवाले म्हणतील ही पेन्शन लिहून दिली नाही, फक्त खात्यातून वळतं करायची सूचना दिलीय. शब्दांचा खेळ आहे हो सगळा. पूर्वी सावकार पेन्शनचं पुस्तक ठेवून घ्यायचा, आता खाजगी सावकार एटीएम कार्ड आणि पिन ठेवून घेतो आणि बँकेला तर तेवढीही गरज नाही. माझं मत विचाराल तर हप्ता कापायला हरकत नाही, माणसानं मनानं लोन घेतलंय, पण खात्यात पेन्शन म्हणून आलेल्या रकमेतला ठराविक मोठा हिस्सा, निम्म्याहून जास्तच, कुठल्याही सूचनेनं, कुठल्याही सहीनं हलता कामा नये, आणि माणूस नादारीत गेला की त्या दिवसापासून सगळीच वळती थांबली पाहिजे. नाहीतर बाकीचे देणेकरी रांगेत उभे आणि ज्याच्याकडे खातं आहे तो मागच्या दारानं आधीच जेवून गेला.

एका बाबतीत मात्र मी या संरक्षणाच्या विरुद्ध आहे आणि कोर्टंही आहेत. बायको-पोरांची पोटगी. काही जण नवऱ्याच्या बाजूनं कलम ११ घेऊन उभे राहिले की पेन्शन जप्त होत नाही म्हणून पोटगीही नाही. हायकोर्टांनी हे उडवून लावलं, आपल्या मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं पण, कारण कलम ११ देणेकऱ्यापासून वाचवतं आणि पोटगी मागणारी बायको म्हणजे देणेकरी नव्हे. अगदी बरोबर. पेन्शन का वाचवायची तर घर चालावं म्हणून, मग त्याच घरापासून ती वाचवायची हा कुठला न्याय. अमेरिकेतही असंच आहे, तिथं १९८२ च्या कायद्यानं फौजीच्या पेन्शनमध्ये घटस्फोटित बायकोला वाटा देता येतो.

अमेरिकेचं आणखी एक उदाहरण इथं बसतं. तिथं २००५ च्या दिवाळखोरी कायद्यात माणसाची ऐपत मोजताना सोशल सिक्युरिटीचे पैसे धरायचे नाहीत, पण युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकाचा अपंगत्व भत्ता मात्र उत्पन्नात धरायचा असा प्रकार होता. म्हणजे पाय गमावल्याबद्दल मिळणाऱ्या पैशामुळे माणूस "ऐपतदार" ठरायचा आणि त्याला जास्त फेडायला लागायचं. २०१९ मध्ये हेवन नावाचा कायदा करून ते दुरुस्त केलं. साधी लष्करी पेन्शन मात्र अजूनही तिथं उत्पन्नात धरतात. हा फरक मला पटतो, अपंगत्वाचे पैसे आणि नोकरीची पेन्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अपंगत्वाचे पैसे तर कुठल्याच हिशेबात येऊ नयेत.

आणि आता माझ्या बाजूची कमकुवत जागा. ९००० रुपये किमान पेन्शनवाला माणूस आणि लाखाच्या वर पेन्शन घेणारा मोठा अधिकारी, दोघांना तेच कवच, हे मला टोचतं. असा अधिकारी रिटायर होऊन कंपनीत डायरेक्टर झाला, कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिला, कंपनी बुडाली, तर महिना लाखावर पेन्शन चालू आणि छोट्या सप्लायरचे पैसे बुडीत, हे बघायला बरं वाटत नाही. यासाठी २०१६ चा नादारी कायदा आहे, त्याचा व्यक्तींबद्दलचा भाग कंपनीच्या जामीनदारांपुरता १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. तिथं एक चलाख गोष्ट केलीय. कायदा पेन्शन हिसकावत नाही, पण माणसाला परतफेडीचा प्लॅन मांडायला लावतो, आणि मत देणाऱ्या देणेकऱ्यांपैकी, रकमेच्या हिशेबानं, तीन चतुर्थांशाहून जास्तांना तो पटावा लागतो. मग पेन्शनवाला काय मांडणार? महिन्याला इतके इतके देतो म्हणणार. ब्रिटनमध्ये जवळपास हेच कोर्ट करतं, पेन्शनचा हक्क दिवाळखोराच्या मालमत्तेत येत नाही, पण हातात येणाऱ्या उत्पन्नातून घरखर्च वगळून हप्ता ठरवता येतो आणि तोही साधारण तीन वर्षांपुरता. मोठ्या पेन्शनला हे चालेल. ठराविक रकमेच्या वर, ठराविक वर्षं, कोर्टासमोर, सगळ्या देणेकऱ्यांसाठी मिळून. एकट्या कुणाच्या जप्तीसाठी कधीच नाही.

पण छोट्या पेन्शनवाल्याचं काय, ते मात्र या नव्या कायद्यात विचित्र आहे. गरिबाला कर्जातून मोकळं करून नव्यानं सुरुवात करू द्यायची म्हणून एक प्रकरण ठेवलंय, त्याची अट वर्षाचं उत्पन्न ६०,००० पेक्षा जास्त नको, मालमत्ता २०,००० च्या वर नको आणि कर्ज ३५,००० च्या वर नको. आता हिशेब करा, किमान पेन्शन ९००० म्हणजे वर्षाला १,०८,०००. म्हणजे सरकारनं ज्याला सगळ्यात कमी पेन्शन दिलीय तोही सरकारच्याच व्याख्येनुसार मोकळं व्हायला फार श्रीमंत! अर्थात तो भाग सामान्य माणसाला अजून लागूच झालेला नाही, त्यामुळे हा विनोदही कागदावरच आहे, आणि सामान्य नादार अजून १९२० च्या कायद्याखाली, ज्यात नादारीच्या अर्जाला मूळ कायद्यानं किमान कर्ज धरलंय ५०० रुपये.

जाता जाता दोन गोष्टी. एक, फौजी वारला की त्याच्या विधवेकडे वसुलीवाले येतात आणि फॅमिली पेन्शनमधून हप्ते मागतात. ती पेन्शन तिची स्वतःची आहे, नवऱ्यानं मागे ठेवलेल्या मालमत्तेचा भाग नाही, सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्येच सांगितलंय. तिनं जामीन म्हणून सही केली नसेल तर नवऱ्याच्या कर्जासाठी त्यातला एक रुपयाही देणं तिच्यावर बंधनकारक नाही. दोन, २०२२ नंतर भरती झालेल्या अग्निवीरांतले जे चार वर्षांनी बाहेर पडतील त्यांना पेन्शनच नाही, साधारण ११.७१ लाखांचा सेवा निधी एकदम मिळतो. त्यांच्या बाबतीत हा सगळा वादच उरत नाही, एकरकमी पैसा आहे, तो गेला की गेला.

राहिला तो एकच माणूस ज्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. बँक नव्हे, सावकार नव्हे, तर ज्यानं ओळखीवर, कागद न करता, फौजी आहे म्हणजे शब्दाला पक्का असणार म्हणून दोन-तीन लाख उसने दिले. व्याज नाही, तारण नाही, जोखमीचे पैसे त्यानं कुठे घेतले होते? त्याला मी वर केलेला व्याजाचा युक्तिवाद लागूच होत नाही. त्याला एवढंच सांगता येतं की दुसऱ्या नोकरीचा पगार आहे का बघा, नावावर प्लॉट आहे का बघा, नादारीच्या यादीत आपलं नाव वेळेत टाका. आणि यातलं काहीच नसेल तर पैसे गेले. दर महिन्याला समोरच्याच्या घरी पेन्शन येताना दिसणार आणि याला त्यातलं काही मिळणार नाही. हे मला चुकीचंच वाटतं, तरीही त्याच्यासाठी म्हणून ते दार किलकिलं केलं तर आत पहिला पाय बँकेचाच पडणार हेही दिसतं.